साहेबांकडे नेलेला फराळ

आई शाळेतून आली की घरात शिरण्याआधी जिन्यातच उभी राहून स्वेटर झटकायची. "चुना पडतो गं वरून," म्हणायची. शाळा जुनी होती. जुन्या इमारतीत चुना पडतो, यात आम्हाला काही नवल वाटलं नाही.

आई तिथे शिकवत नव्हती. प्राथमिक शाळेच्या तळघरात मुलांची जेवणाची खोली होती, तिथे ती कामाला होती. टेबलं पुसायची, लहान मुलांना दुधाची खोकी उघडून द्यायची, भांडणं सोडवायची. गावाचं नाव मी लिहीत नाही. जर्सी सिटीहून बसने फार लांब नाही, एवढं पुरे. बाबा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होते. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे डॉक्टरकाकांनी, आम्हाला इकडे आणलं तेव्हा मी सहावीत होते. ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे एकदम सगळं माझ्याकडे यायला लागलं. विम्याचे कागद आले, तू बघ. घरमालकाला फोन करायचा, तू बोल. मला तर कॉलेजात अजून वर्ग सापडत नव्हते.

त्या शरद ऋतूत एका शनिवारी आई विसरलेली छत्री आणायला शाळेत गेली. तळघराचं दार उघडं होतं. आत डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घातलेली माणसं होती आणि त्यांच्या तोंडावर डुकराच्या नाकाडासारखे मास्क होते. छतालगतच्या नळांवरचं वेष्टण खरवडून ते लहान बाटल्यांत भरत होते. मुख्याध्यापिका जिन्याच्या वरच्या पायरीवर नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. खाली उतरल्या नव्हत्या. आईला पाहून म्हणाल्या, "आज सुट्टी आहे ना तुम्हाला? घरी जा."

सोमवारी त्यांनी आईला बोलावून सांगितलं की यापुढे टेबलं कोरड्या फडक्याने पुसायची नाहीत, ओल्याने पुसायची, आणि मुलं येण्याआधी पुसायची. पालकांकडे याबद्दल बोलायचं नाही. गावातल्या सगळ्या शाळांचे प्रमुख, सुपरिंटेंडेंटसाहेब, त्यांची ऑर्डर आहे.

आई घरी आली ती स्वेटर न झटकताच आत आली आणि खुर्चीवर बसली.

"मला एक सांग," ती मला म्हणाली. "चुना होता तर त्यांनी तोंडाला मास्क का लावला?"

कॉलेजच्या लायब्ररीत एक वयस्क बाई होत्या, त्यांना विचारायला मला दोन दिवस धीर झाला नाही. शेवटी विचारलं. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मची रिळं काढून दिली. मी मशीनचं चाक फिरवत वाचत गेले. अॅस्बेस्टॉस. देशभरच्या शाळांतून नळांवर, बॉयलरवर गुंडाळलेलं. ते सुटून हवेत आलं की छातीत जातं, आणि आजार वर यायला कित्येक वर्षं लागतात. शाळेत सापडलं तर पालकांना कळवायला हवं, असंही त्यात होतं.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा हसले. "ते छपराचे पत्रे असतात ते? त्यांच्याखाली तर माझं अख्खं बालपण गेलं. उन्हाळ्यात वर चढून आम्ही कैऱ्या वाळवायचो."

"बाबा, हे वेगळं आहे. हे भुसभुशीत झालंय."

डॉक्टरकाकांना फोन केला. ते म्हणाले, "चांगलं नाही ते. पण कम्प्लेंट वगैरे करताना विचार करा. नोकरी आहे." मागून आत्याचा मोठा आवाज आला, "अहो, टेबलं पुसायची नोकरी ती. त्यात कसली लढाई लढतेय वहिनी?"

आईने ते ऐकलं. पोळ्या लाटत राहिली, आणि मग लाटणं थांबवून म्हणाली, "मुलं रोज तिथे तोंड उघडून जेवतात. त्यांच्या आयांना माहीत नको?"

एवढंच तिचं म्हणणं होतं, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. आयांना सांगायला हवं.

पण कसं सांगायचं यावर बाबांचं ठाम मत होतं. बाबांचा असा विश्वास होता की वरचा माणूस चांगला असतो. गडबड करतात ते मधले. "साहेबांच्या नावावर हे खालचेच लोक काहीतरी खपवतायत. साहेबांना बिचाऱ्यांना पत्ताही नसेल. आधी त्यांच्या कानावर घालू. चारचौघांत गेलो तर त्यांचा अपमान होईल." गावी ते असंच करत आले होते. तलाठ्याशी, हेडमास्तरांशी, मिलच्या मॅनेजरशी. घरी जायचं, बसायचं, शब्द टाकायचा. आणि दिवाळी तोंडावर आली होती. रिकाम्या हाताने कसं जायचं?

तेव्हा आईने चकल्या केल्या, शंकरपाळे केले, बेसनाचे लाडू वळले. लग्नात मिळालेला स्टीलचा मोठा गोल डबा घासून लखलखीत केला. त्याच्या झाकणावर तिचं नाव कोरलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर कोरतात तसं. रविवारी दुपारी आम्ही तिघं सुपरिंटेंडेंटच्या घरी गेलो. बाबांनी कोट घातला होता.

पायऱ्यांवर हॅलोविनचे सुकत आलेले भोपळे ठेवलेले होते. दार त्यांनी स्वतःच उघडलं. उंच, पांढऱ्या केसांचे, आवाजाने मऊ. बसायला सांगितलं. बाबांनी डबा दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांनी झाकण फिरवून पाहिलं, "हे तर फारच सुंदर आहे," म्हणाले, आणि डबा बाजूच्या टेबलावर ठेवला. मग मी बोलले. आई मराठीत सांगत होती, मी इंग्रजीत. धूळ, मास्क, ओलं फडकं. मी काही गाळलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुम्ही आधी माझ्याकडे आलात, हे फार योग्य केलंत. आणखी कोणाला सांगितलंय?"

"नाही, नाही," बाबा घाईने म्हणाले. "ओन्ली यू, सर."

परतताना गाडीत बाबा खूश होते. "बघितलंस? माणूस आहे. कसं शांतपणे ऐकून घेतलं! तुम्ही दोघी उगाच घाबरता." आई खिडकीबाहेर पाहत होती. "खालची खोली कधी बंद करणार ते नाही बोलले," ती म्हणाली.

आठवडाभरात तळघर रंगवून झालं. नळांवर नवीन कापड चढवून त्यावर पांढरा रंग फासला होता. पाहणाऱ्याला सगळं नवं कोरं दिसावं असं. मुलं पुन्हा तिथेच जेवायला बसली. आईला मात्र वर पाठवलं, मैदानात थंडीत उभं राहून मुलांवर लक्ष ठेवायला. मग एके दिवशी मुख्याध्यापिकांनी सांगितलं की तुमचे तास कमी करावे लागतायत, आणि त्यापुढच्या आठवड्यात तासच उरले नाहीत.

बाबांना ते पटायला वेळ लागला. ते साहेबांना पुन्हा भेटायला निघाले होते. आईने त्यांच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. लग्नानंतर तिने असं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"आता मी सगळ्यांसमोर बोलणार," ती म्हणाली.

"अगं, झालं ते झालं. दुसरं काम बघू."

"मुलं अजून खालीच जेवतायत."

शाळा मंडळाची सभा उघडी असते. कोणीही नाव नोंदवून माइकवर थोडी मिनिटं बोलू शकतं. मी आईला इंग्रजीत भाषण लिहून देत होते, पण ती दर वेळी ते छोटं करत गेली. शेवटी तीनच वाक्यं ठेवली. त्यांनी मास्क लावले होते. मुलांनी लावले नव्हते. असं का? ती कणीक मळताना म्हणायची, कपडे घडी करताना म्हणायची. 'मास्क'मधला 'आ' तिला हवा तसा यायचा नाही, म्हणून माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची.

सभेला गर्दी होती, पण आमच्यासाठी नव्हती. त्या दिवशी फुटबॉलच्या मैदानावर दिवे बसवायचे की नाही यावर चर्चा होती. ओळीने घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आईने काठाची साडी नेसून वर हिवाळी कोट घातला होता. तिचं नाव पुकारलं, तेही चुकीचं, आणि ती माइकशी गेली. तोंड उघडणार इतक्यात सुपरिंटेंडेंट अध्यक्षांना म्हणाले, या बाई बोलण्याआधी मंडळाने एक गोष्ट जाणून घ्यावी, असं मला वाटतं.

आणि त्यांनी टेबलाखालून आमचा डबा काढून वर ठेवला.

दिव्याखाली तो लखलखत होता. ते त्याच मऊ आवाजात म्हणाले की या कर्मचारी बाई सहकुटुंब माझ्या घरी आल्या होत्या, ही भेट घेऊन. त्यांना कायम नोकरी हवी होती. मी नकार दिला, आणि त्यानंतर या तक्रारी सुरू झाल्या. त्यांनी झाकण उचलून सगळ्यांना कोरलेलं नाव दाखवलं. माझ्या मागे एक बाई कुजबुजली, "चांदीचा आहे का तो?"

बाबा माझ्या शेजारी बसले होते. ते उठून उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले. "इट इज स्टील," ते म्हणाले. "स्टील, सर. स्वीट्स." कोणीतरी हसलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिची तीन वाक्यं निघून गेली होती, मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती माइकमध्ये मराठीत म्हणाली, "सणाचं होतं हो ते. सणाला देतात." मी धावत पुढे गेले, पण अध्यक्ष म्हणाले की नाव नोंदवलेल्या व्यक्तीनेच बोलायचं, आणि वेळ संपत आलाय. मग माइकचा आवाज गेला. तो बंद केला की बिघडला, मला माहीत नाही. दाराशी उभा असलेला पहारेकरी येऊन आईच्या कोपराला हात लावून उभा राहिला.

तेव्हा तिला ते आठवलं. तिने माइकशिवाय, खोलीकडे वळून, मोठ्याने म्हटलं. "दे वोअर मास्क. चिल्ड्रन, नो मास्क. व्हाय?"

अध्यक्षांनी हातोडा आपटला. पुढचा विषय, मैदानावरचे दिवे.

स्थानिक वर्तमानपत्रात आलं ते भेटीबद्दल. धुळीचा उल्लेख शेवटच्या ओळीत, 'निराधार आरोप' म्हणून. आत्याचा फोन आला, "आपल्या मराठी मंडळात सगळे विचारतायत गं. लाच म्हणतायत. आमच्या ह्यांचे पेशंट आहेत त्या गावात, काय सांगायचं लोकांना?" आईने एका शाळेत आणि एका किराणा दुकानात कामासाठी विचारलं. दुकानाचा मालक तिचं नाव ऐकून थांबला आणि म्हणाला, ती डब्याची बाई का? बाबा कारखान्यातून येऊन टीव्हीसमोर बसायचे, आवाज बंद करून. मी परीक्षेला बसले, त्यातल्या एका विषयात नापास झाले. कोणाकडे जायचं ते कळत नव्हतं. मी राज्याच्या कुठल्याशा खात्याला फोन केला, तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. तिसऱ्या माणसाने विचारलं, धूळ अजून दिसते का? मी म्हटलं, वर रंग लावलाय. तो म्हणाला, मग?

नाताळच्या सुट्टीत दारावरची घंटा वाजली. बाहेर एक बाई उभी होती, हातात किराणा दुकानाची कागदी पिशवी. पिशवीत आमचा डबा होता. त्या दिवशी ती दिव्यांच्या विषयासाठी सभेला आली होती, तिचा मोठा मुलगा फुटबॉल खेळत होता. सभा संपल्यावर डबा टेबलावर तसाच पडला होता, म्हणून तिने उचलून नेला. "मला आधीच यायचं होतं," ती म्हणाली. "आतलं सगळं फेकावं लागलं, सॉरी. मी धुतलाय तो."

आईने तिला आत घेतलं, चहा टाकला. बाई कोट न काढता बसली.

"ते मास्क," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः पाहिले?"

आईने सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मी मध्ये पडले नाही. मोडक्या इंग्रजीत, हाताने मास्कचा आकार करून, छताकडे बोट दाखवून. ती बाई एकदाही घड्याळाकडे न पाहता ऐकत होती. मग तिने सांगितलं की माझी मुलगी पहिलीत आहे. दोन वेण्या घालते. म्हणते, मी भिंतीकडच्या टेबलावर बसते.

आई ओळखत होती तिला. तिचं दुधाचं खोकं रोज आईच उघडून द्यायची.

"त्या टेबलावर," बाईने विचारलं, "धूळ असायची?"

आई थांबली. माझ्याकडे पाहिलं तिने. मला वाटलं, नाही म्हणेल. मला वाटत होतं, म्हणावं.

"येस," आई म्हणाली. "देअर, मोअर."

बाईने चहाचा कप खाली ठेवला आणि कोटाच्या बाहीत तोंड लपवून रडायला लागली. आई उठून तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. काय करावं ते तिला कळेना. शेवटी तिने हात तिच्या खांद्यावर नुसता टेकवला.

त्या बाईने आणखी काही आया गोळा केल्या, हे खरं. वसंतात तळघराला कुलूप लागलं. दारावर पाटी होती, 'नूतनीकरण'. अॅस्बेस्टॉस हा शब्द पालकांना कोणी लिहून कळवला नाही. आईला कामावर परत बोलावलं नाही. सुपरिंटेंडेंट अजून तिथेच आहेत. मी हे लिहिते आहे ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षात. अजूनही फोडणीचा खाट उठून आईला ठसका लागला की बाबा आणि मी हातातलं काम सोडून तिच्याकडे पाहतो. ती चिडते. "मिरची आहे," म्हणते.

पण मला त्या दुपारचंच आठवतं. बाई गेली, आईने दार लावलं. डबा रिकामा परत आला होता. बाईला आपली रीत कुठली ठाऊक असणार! आईने त्यात चिमूटभर साखर टाकली आणि तो फळीवर ठेवला.

मी म्हटलं, "आई, तिने तुझ्यावर विश्वास ठेवला. कोणीतरी ठेवला."

आई दोन्ही कप विसळत होती. बाईच्या कपात चहा तसाच होता.

"म्हणून तर रडली गं," ती म्हणाली.