कपारीतले बिनडोळ्यांचे जीव

मी गावचा जलसुरक्षक. नाव केवढं, काम एवढंसं: पाण्यात जंतू मारायची टीसीएलची पांढरी पावडर टाकायची आणि वहीत लिहायचं. जिवतीच्या डोंगरात आमचं गाव चुनखडीवर बसलंय. पाणी एका कपारीतून येतं. वाकून शिरलं की आत अंधारात कमरेएवढं खोल कुंड.

त्या पावसाळ्यात तीन घरांत हगवण लागली. आधीच माझं डोकं लवकर तापतं, त्यात हे. पावडरची बादली घेऊन गेलो तर शेजारची कोलाम जमातीची मावशी घागर भरत होती. पाणी गाळलेलं फडकं तिनं उलटं करून कुंडातच झटकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काऊन वो मावशी, गाळलेली घाण परत पाण्यात टाकून राह्यली?"

"घाण नाई बाबू. पाह्य."

मोबाईलचा उजेड धरला. ओल्या फडक्याला अजून चिकटलेले जिऱ्याएवढे पांढरे जीव वळवळत होते. डोळे नव्हतेच. अंगाच्या आरपार फडक्याचे धागे दिसत होते.

"हे आपल्या आधीचे हायेत इथले. पाणी त्यांचं. आपण मागून नेतो."

"पोरं आजारी हायेत, अन् तुले किड्यांचं पडलं," म्हटलं आणि बादली ओतली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर पांढरी साय होती. पावडर विरघळली नाही असं वाटलं, म्हणून बोट बुडवलं. सगळे मेलेले जीव. दगडाच्या पोटात किती खोलवरून आले असतील, किती पिढ्या सूर्य न बघता जगले असतील, आणि त्यांना संपवायला मला एक बादली पुरली. फार लाज वाटली.

तेव्हापासून औषध घराघरातल्या हंड्यात टाकतो, कुंडात नाही. कुंडात का टाकत नाही म्हणून तालुक्याच्या साहेबांची बोलणी खाल्ली. हगवण थांबली. पण रोज सकाळी मावशीचं फडकं उजेडात धरायचो आणि ते रिकामंच असायचं. दिवाळी गेली, कापूस वेचून झाला. सगळे संपवले आपण, हे मनानं घेतलंच होतं.

मग एका सकाळी फडक्यावर एक दिसला. एकच. पाय हलत होते. फडकं मावशीपुढे धरलं.

"तूच सोड. माझ्या हातून नको," मी म्हटलं.

तिनं माझं मनगट धरून पाण्यात नेलं.

"तुह्याच हातानं सुटला पाह्यजे," म्हणाली.

तो दगडाखाली गेला. मी बराच वेळ तसाच वाकून राहिलो.