माझं तीन शब्दांचं इटालियन

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, नंतर तुम्हाला माझी दया येईल आणि ती मला नकोय. मी एकदा भर सभेत दुभाष्या झालो होतो. तोही इटालियनचा!

मी नागपूरचा. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला येऊन वर्ष होत आलं होतं. काम घरूनच. दिवसभरात माझ्याशी मोठ्याने बोलणारं एकच जण, ते म्हणजे सुपरमार्केटमधलं सेल्फ-चेकआउटचं मशीन. तेही काय, तर "अनएक्स्पेक्टेड आयटम!" म्हणून खेकसायचं.

शेवटी मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इटालियन क्लासला नाव घातलं. इटलीला जायचं होतं का? छे हो! तिथे हीटिंग फुकट होतं, आणि शेजारच्याला "तू कसा आहेस?" असं विचारणं सक्तीचं होतं.

ही गोष्ट मी वैद्य काकूंना सांगून बसलो. काकू इथल्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या डॉक्टर. आता एका आर्ट गॅलरीत हौसेने मदत करतात. त्यांनी मला एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बोलावलं.

इटलीच्या नावाजलेल्या चित्रकार बाई आल्या होत्या. टोकियो, न्यूयॉर्क, बर्लिन, सगळीकडे चित्रं लागलेली. आणि चित्रं कसली? रिकाम्या खोल्या! एक खुर्ची, एक खिडकी, माणूस नाही. मी मनात म्हटलं, अरे, ही तर माझी खोली. हिला कुणी दाखवली?

इतक्यात बातमी आली, दुभाषी बाईंची ट्रेन कॅन्सल झाली. काकूंनी माझं मनगट धरलं.

"अरे, तुला येतं ना इटालियन?"

"काकू, मला फक्त कॉफी मागवता येते!"

"मग तेवढ्यावर भागव. जा, लाजतोस काय?"

आणि माझ्या हातात माईक आला. संयोजक बाईंनी विचारलं, "तुम्ही रिकाम्या खोल्याच का रंगवता?"

चित्रकार बाई ज्या सुटल्या! हात हवेत, भुवया कपाळावर. त्या धबधब्यातून माझ्या ओंजळीत तीन शब्द पडले. घर. रविवार. शांतता.

आता तुम्हीच सांगा, यांचं दुसरं काय वाक्य होणार?

"त्या म्हणतात," मी गंभीरपणे इंग्रजीत म्हणालो, "रविवारी माझ्या घरात फार शांतता असते."

लोकांनी सुस्कारा सोडला. झालं! मला स्फुरण चढलं. बाई पुढे बोलत होत्या, मी पुढे सांगत होतो. रविवारी कुणाचा फोन येत नाही. एकट्यासाठी कुकर लावला की भात उरतो, तोच सोमवारी फोडणीला. संध्याकाळी स्वतःचा आवाज ऐकावा म्हणून डाळीच्या पाकिटावरच्या सूचना मोठ्याने वाचायच्या.

"इटलीत डाळ?" पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शंका काढली. त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं. ती डोळे पुसत होती.

टाळ्या! अहो, कडकडाट!

मग चित्रकार बाईंनी माझ्या हातातून माईक हळूच काढून घेतला. इंग्रजी बोलायला त्या लाजत होत्या, पण कळत सगळं होतं!

"फार सुंदर," मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या. "पण मी म्हणाले, रविवारी माझ्या घरी वीस माणसं जेवायला असतात. नवरा, मुलं, सुना, नातवंडं, सासूबाई. सगळे ओरडतात. शांतता कुठे? रिकामी खोली मला जन्मात मिळाली नाही, म्हणून मी ती रंगवते."

हॉल हसून हसून लोटपोट. बाई मात्र हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाल्या, "मग बाळा, हा भाताचा रविवार कुणाचा?"

अख्खा हॉल माझ्याकडे बघतोय.

"माझ्या... एका मित्राचा," मी कसंबसं म्हणालो.

मागच्या रांगेतून काकूंचा खणखणीत आवाज आला, "अरे, पण तुला इथे मित्र कुठेय?"

क्षणभर जिवात जीव आला. मराठी! एकाही गोऱ्याला अक्षर कळलं नव्हतं.

तेवढ्यात संयोजक बाईंनी माईक पुन्हा माझ्या तोंडासमोर धरला.

"काय म्हणाल्या त्या? प्लीज, जरा भाषांतर करून सांगा ना!"