वर म्हणजे उत्तर

हवामान खात्यातल्या आमच्या खोलीत तिला सगळे ओळंबा म्हणतात. वडील गवंडी होते, भिंत सरळ आहे का ते ओळंब्याची दोरी सोडून बघणारे, त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तरी हिचा जीव वरखाली होतो. नावावरून ती चिडत नाही. खुर्चीवर चढते आणि कॅलेंडर सरळ करते.

तिचं काम कुणाला समजावून सांगायचं तर माझी तारांबळ उडते. पृथ्वी गोल, आणि अंदाज काढणारं आमचं मॉडेल तिला चौकोनांच्या सपाट जाळीवर पसरतं. संत्र्याची साल ताटात दाबून बसवावी तसं. कुठेतरी ताणली जाणारच. गोलाचं सपाट आणि सपाटाचं पुन्हा गोल करून देणारा प्रोग्राम ओळंब्याने अकरा वर्षांपूर्वी एकटीने लिहिला. अशी तयार साधनं जगभर फुकट मिळतात, असं साहेब दर वर्षी सुचवायचे. "माझ्यात काय खोट आहे ते आधी दाखवा," ती म्हणायची.

खोट तिचा धाकटा भाऊ दाखवत होता, पण त्याचं ऐकतो कोण? तो आमच्या नकाशाच्या अगदी पूर्वेच्या कडेला, एका बेटावर फेरीबोट चालवतो. दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन.

"ताई, तुमचा वारा वाकडा आहे."

"तू नीट उभा राहा, मग सरळ दिसेल."

आम्ही हसायचो. कडेच्या लोकांच्या तक्रारी कडेलाच राहतात.

मग एक दिवस पत्र निघालं: ज्या ठिकाणांचे अंदाज वारंवार चुकतात, ती पुढच्या महिन्यापासून यादीतून वगळायची. भावाचं बंदर त्यात पहिलं. अंदाज नाही म्हणजे जरा वारा सुटला की फेरी बंद, आणि बेटावर डॉक्टर येतात ते त्याच बोटीने. दोघांची आई तिथेच राहते. त्या मंगळवारी भाऊ वाऱ्याबद्दल काही बोललाच नाही. ओळंब्याला ते फार लागलं.

"रोज दहा वाजता धक्क्यावरच्या झेंड्याखाली उभा राहा," ती त्याला म्हणाली, "आणि वारा कुठून येतोय ते आकड्यात कळव. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून जरा ढळलेली असते, तेवढा फरक काढून."

"मला शिकवतेस का, ताई?"

सतरा दिवसांचे आकडे आले. तिने ते आमच्या आकड्यांशेजारी मांडले आणि मला हाक मारली. फरक रोज बारा अंशांच्या आसपास, आणि रोज एकाच बाजूला.

"नुसता चुकला असता तर कधी इकडे, कधी तिकडे चुकला असता," ती म्हणाली. "हा तर शिस्तीत वाकडा आहे."

बंदराचं तोंड अरुंद, बाजूला उंच डोंगरकडा. वारा कड्याच्या आडोशाला अडतो की थेट आत घुसतो, ते तिथे बारा अंशांवर ठरतं.

दोन दिवस तिने स्वतःचा प्रोग्राम ओळीओळीने वाचला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा ती पडद्यावर बोट ठेवून बसली होती. तिथे तिचीच जुनी टीप होती: वर म्हणजे उत्तर. मॉडेल वाऱ्याची दिशा जाळीच्या हिशेबाने देतं, आणि जाळीची वरची बाजू खऱ्या उत्तरेला असते ती फक्त नकाशाच्या मधल्या उभ्या रेघेवर. कडेकडे जावं तशी ती कलत जाते. आमची इमारत नेमकी त्या मधल्या रेघेवर, आणि प्रोग्राम तपासला होता तो आमच्याच गच्चीवरच्या वातकुक्कुटाशी ताडून. तिथे तो बरोबरच येणार. त्या वाऱ्याचे बाण अकरा वर्षं नकाशावर मी काढत आले, तेव्हा मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची?"

"माझी," ओळंबा म्हणाली, आणि तयार साधन घ्या असं तिनेच सांगितलं. "ते दर वेळी आधी विचारतं, वारा जाळीच्या दिशेत आहे की पृथ्वीच्या. मी कधी विचारलंच नाही."

मला तिचा इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता. नवे आकडे भावाच्या सतरा दिवसांशी ताडून पाहिले, जुळले. बंदर यादीत राहिलं.

या मंगळवारी सुट्टीत फोन वाजला.

"ताई, दुपारी वारा कुठून आहे?"

तिने सांगितलं.

"बरं. मग डॉक्टरांना घेऊन निघतो."

फोन बंद झाला तरी ती तो हातात धरून बसली. अकरा वर्षांत त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं.