पडद्यावर मेलेले साडू

आमच्या साडूंइतका सुरेख मरणारा माणूस निजाम सरकारच्या अख्ख्या मुलखात दुसरा नव्हता, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो. तलवाड्याला त्यांचं कापडाचं दुकान होतं, माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली होती, आणि त्यांना नाद म्हणाल तर एकच, मरायचा. गावातल्या हौशी नाटकात त्यांनी राजाचं किंवा सेनापतीचं काम कधी मागितलं नाही. "मरायचं काम द्या, मंग ते भालदाराचं का असंना," एवढंच त्यांचं म्हणणं असे. तलवार लागून, विष पिऊन, विरहानं झुरून, ते सगळ्या तऱ्हांनी मरत आणि मेल्यावर उठून मुजरा करत. लोकही इतके सोकावलेले की मुजरा झाल्याशिवाय जागचे हलत नसत. दुकानात एखादी बाई लुगड्याच्या भावावरून घासाघीस करू लागली की हे छातीवर हात ठेवून कापडाच्या ठाणांवर कलंडत, आणि ती घाबरून बोललेल्या भावाला लुगडं घेऊन जाई. एकदा मांजरसुंब्याच्या नाक्यावर बैलगाडीची वाट बघता बघता कंटाळा आला म्हणून ते झाडाखाली असे काही मेले, की गाडीवानानं "या अल्ला, मियाँ तो गये!" म्हणून बैल उलटे पिटाळले आणि आम्हाला बीडपर्यंत पायी यावं लागलं. मी रस्ताभर कुरकुरलो. साडू मात्र खूश होते. "आवं, बैलं सुदीक बुजली," असं ते वाटेतल्या ओळखीच्या माणसाला थांबवून सांगत होते.

असा हा माणूस एका वर्षी दिवाळीआधी पुण्याला माल भरायला गेला आणि तिकडंच राहिला. तिथं कुणीतरी बोलपट नसलेल्या जमान्यातला, म्हणजे मुका सिनेमा काढत होतं. त्या भल्या माणसाजवळ पैशांच्या नावानं शंख होता. एक खोली, तीही छप्पर काढून नुसत्या तुळया ठेवलेली, कारण दिव्यांऐवजी वरून ऊन घ्यायचं होतं. एक खाट, एक आरसा, एक बाई, आणि कपडे ज्याचे त्यानं घरून आणायचे. आमच्या साडूंना कापडाच्या पेठेत बघताच त्यानं हात धरून नेलं म्हणे. घरी काही कळवायची यांची छाती झाली नाही. व्यापार सोडून सोंगं करतो म्हटल्यावर घरचे काय म्हणतील, या धास्तीनं दिवस ढकलत राहिले. आम्ही पुण्याला माणूस धाडला, तर ते मुक्काम सोडून गेल्याचं तेवढं कळलं.

आणि बीडच्या उरुसात सिनेमाचा तंबू लागला. मी कचेरीत नोकरीला असल्यामुळं आमचं बिऱ्हाड बीडलाच होतं. नवऱ्याच्या काळजीनं सुकून गेलेल्या आक्काला, म्हणजे माझ्या या मेहुणीला, जरा विरंगुळा म्हणून बायकोनं बोलावून घेतलं होतं. तिच्याबरोबर साडूंची म्हातारी आत्याही आली. दोघींना घेऊन आम्ही तंबूत गेलो. पडदा उजळला आणि खाटेवर आमचे साडू बसलेले! अंगात त्यांचाच कोट, आणि आक्कानं घाईत लावलेलं वेगळ्या रंगाचं बटणही तसंच. आधी आम्हाला हसू आलं. मग हळूहळू ते आटलं. गोष्ट अशी होती की, या माणसाला वाटतं, आपल्या घरात आणखी कुणीतरी राहतंय. तो दाराआड बघतो, खाटेखाली बघतो, झोपलेल्या बायकोच्या तोंडाशी कान नेतो. शेवटी त्याला आरशात ते दुसरं कुणीतरी सापडतं, आणि ते त्याच्याकडं बघून हसतं. एरवी हातवारे करून मांडव दणाणून सोडणारे आमचे साडू यात काहीच करत नव्हते. ते नुसते बसत आणि बघत. पापणी लवत नव्हती. पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूसही बोलायचा थांबला, आणि तंबूत फक्त यंत्राची टकटक राहिली. मग त्या माणसानं उशी घेतली. बायको निपचित पडल्यावर तिला नीट निजवलं, शेजारी बसून तिचे केस हळुवार विंचरले, आणि धोतर तुळईला बांधून स्वतःला टांगून घेतलं. कोटाचं ते बटण हलत राहिलं, आणि पडदा पांढरा झाला.

आम्ही मुजऱ्याची वाट बघत बसलो. मुजरा झालाच नाही.

"उटला न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "आजवर दर खेपंला उटायचा. ह्या खेपंला न्हाई उटला."

मी तिथंच समजावू लागलो, की हे खोटं असतं, चित्रं असतात. त्यावर त्या म्हणाल्या, "फोटू खोटा कसा आसंल? म्होरं माणूस आसल्याबिगर फोटू निगतो का?" मी म्हटलं, अहो, उद्या परत तंबूत चला, उद्याही ते असेच मरतील, परवाही मरतील. हे बोललो आणि फसलो. म्हातारीनं कपाळावर हात मारला. "आरं द्येवा! म्हंजी जीव आडकलाय लेकराचा. रोज मरतोय आन सुटंना. मोकळा करा रं त्याला!" मी स्वतःला शहाणा समजणारा माणूस, पण खरं सांगतो, त्या वेळी माझ्याही अंगावर काटा आला. कुठं पत्ता नाही, निरोप नाही, आणि डोळ्यांपुढं ती लोंबणारी आकृती. तलवाड्याला दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला गेला. दहाव्याला पिंड ठेवायचा अवकाश, कावळा शिवला. त्यानंतर कुणालाच शंका उरली नाही. आक्काचं कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या.

शिमग्याच्या सुमारास आम्ही तलवाड्याला गेलो असताना भर दुपारी साडू गाडीतून उतरले. गल्लीतली दारं धडाधड लागली. कुणी ओरडलं, कुणी रामनाम घेतलं. आपल्या सिनेमाचा बोलबाला इथवर पोचला, या समजुतीनं साडूंनी भर रस्त्यात मुजरा केला. मग ओट्यावर उभ्या आक्काचं मोकळं कपाळ त्यांना दिसलं. त्यांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं.

आता ज्याची क्रिया झाली तो माणूस जिवंत परतला तर त्याला नव्यानं जन्म घ्यावा लागतो, असं शास्त्रीबुवांनी सांगितलं. तुपात बसवायचं म्हणाले. एवढं तूप आणायचं कुठून? म्हणून गूळ करायच्या काहिलीत पाणी भरून त्यात पळीभर तूप सोडलं आणि साडूंना बसवलं. बाहेर काढून लुगड्यात गुंडाळलं. मिशांचं हे बाळ झोळीत मावेना. आत्याबाईंनी कानात कुर्र केलं, तशा बायका रिवाजाप्रमाणं आत्याबाईंच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या. "म्या मरन! त्यालाच घाला!" असं म्हणून त्यांनी ते बाळाकडं वळते केले, आणि बायकांनीही हात राखला नाही. "कावळ्यानं तेवडी कदर केली माजी," बाळ झोळीतून म्हणालं. "लेकरं बोलत न्हाईत," आत्याबाईंनी दटावलं. सगळा गाव हसला. आक्का हसली नाही.

कारण यापुढं त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं होतं, आणि ती तयार नव्हती. "बारसं करा, न्हाईतर आजून काय करा," ती म्हणाली, "पर मला त्येंच्यासंगं एका घरात ठिवू नका." साडू दुकानातच निजू लागले. दाढी वाढली, गिऱ्हाइकापुढं मरणं तर सोडाच, जगणंही त्यांना जमेना. अखेर मीच दोघांना समोरासमोर बसवलं. आक्का म्हणाली, "तिला मारल्यावर तुमी तिचे क्यास कावून इंचरले? माजे तर कंदी इंचरले न्हाईत."

साडूंना खोटं बोलता आलं असतं. एवढा मोठा नट! पण ते म्हणाले, "त्यो सिनेमावाला साहेब म्हनला, मायेनं कर. माया म्हनल्यावर मला दुसरं कोन आटवनार? तूच हायस आसं समजून इंचरले."

"आन उशी?"

त्यांनी मान खाली घातली. "तवा माज्या आत कोन बसलं व्हतं, मलाच ठावं न्हाई. मलाबी त्याचं लई भ्याव वाटलं. म्हनून तर परत आलो."

आक्का उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं होकार कळवला, एका अटीवर. तिच्या मागून कधी न बोलता यायचं नाही. दारात थांबून आधी सांगायचं, आणि ती "या" म्हणाली तरच आत पाऊल टाकायचं.

लग्न लागलं. साडूंनी नाटक सोडलं, दुकानातलं मरणंही सोडलं. ती अट मात्र त्यांनी जन्मभर पाळली. पाणी प्यायला आत जायचं असलं तरी हा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून "मीच हाय" म्हणे, आतून "या" येई, आणि मगच ते आत जात. पाहुण्यांना गंमत वाटायची. मी पुष्कळ थट्टा केली. पण आक्काचा तो "या" ऐकताना कधीकधी मला माझ्या संसाराची लाज वाटायची, कारण आम्ही दोघं एकमेकांना न विचारताच घरभर वावरत होतो.

तापाचं निमित्त होऊन आक्का आधी गेली. काही महिन्यांनी मी तलवाड्याला गेलो, तेव्हा साडू दुकानात होते. मी घरात जाऊन बसलो. दुपारी ते जेवायला आले. उंबऱ्याशी त्यांची चाहूल थांबली.

"मीच हाय," ते म्हणाले.

मी आत एकटाच होतो. "या" म्हणणं माझ्या जिभेवर आलं, पण तो शब्द माझा नव्हता. ते उंबरा न ओलांडता सावकाश ओट्यावर बसले. मी बाहेर गेलो आणि त्यांच्या शेजारी बसलो. त्या दिवशी शेजारणीनं आमची दोघांची पानं ओट्यावरच वाढली.