न मोजलेल्या माद्या

आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल करणाऱ्या मामांइतका सभ्य माणूस या शहरात झाला नसेल. निदान उंदरांचे तरी तसेच मत असावे. खुलताबादहून पहिल्या एसटीने ते येत आणि पिंजऱ्यात हात घालण्यापूर्वी तळवे एकमेकांवर घासून ऊबदार करीत. वासाने उंदीर बिथरतात म्हणून सुगंधी तेल लावून आलेल्या विद्यार्थ्याला ते दारातूनच परत पाठवीत; एकदा मलाही वाकायला लावून त्यांनी माझे डोके हुंगले. गाभण उंदरिणींच्या खोलीत कुणाचा आवाज चढला की म्हणत, “बाळंतिणीची खोली हाय, साहेब. भांडायचं तर भाईर.”

आमचे काम स्वमग्नतेवरचे, म्हणजे ऑटिझमवरचे. गाभण उंदरिणीला एक औषध दिले की पिलांच्या जनुकांतली अक्षरे तीच राहतात, पण कोणते जनुक वाचायचे नि कोणते झाकायचे याच्या खुणा बदलतात आणि पिलांत स्वमग्नतेसारखी लक्षणे दिसतात, असे मी मामांना समजावले. “म्हंजी पोथी तीच, पानं चिकटली,” ते म्हणाले. याहून सोपे मला वर्गात आजवर सांगता आलेले नाही.

चाचण्यांच्या निकालात मी मात्र फक्त नर मोजत असे. तशी रीतच होती. माद्यांत फरक ठळक दिसत नाही, शिवाय त्यांच्या ऋतुचक्राने आकडे हलतात, एवढे कारण मला पुरले. मामा त्या वगळलेल्या माद्यांपुढे स्टूल टाकून बसत. “ही बी येगळीच हाय, साहेब. बाकीच्यांचं बघून बघून समदं करती. एकटी ठिवली की कोपरा धरती.”

“चाचणीत पास आहे ना, मामा? मग झाले!” मी हसलो.

ते घुटमळले. “आमची नात बी अशीच हाय. आठ वर्सांची. दाखवू का कुणाला?”

मी कागदावरून मानही वर केली नाही. “मुलींत हे फारसे नसते. लाजाळू असेल.”

माझ्या नावामागे डॉक्टर लागते, एवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला. तिच्या त्रासाला नाव मिळाले ते अकरा वर्षांनी, दुसऱ्या कुणाकडून. तोवर तिची शाळा अर्ध्यावरच सुटली होती.

ते कळल्यावर मी खुलताबादला गेलो. क्षमेचे वाक्य घाटात पाठ केले होते. मामांनी ते अर्ध्यातच अडवले. “आधी चहा घ्या.” नात दारात आली. तिच्या आईने मला हात जोडले. मुलीने आईकडे नीट पाहिले, आणि अगदी तसेच जोडले.

“आता माद्या मोजता का, साहेब?”

“मोजतो, मामा.”

निघताना मी हात पुढे केला. तो धरण्यापूर्वी मामांनी आपले तळवे एकमेकांवर सावकाश घासले.