जीपच्या डोळ्यांतलं हळदीकुंकू

तुमच्या बाबांनी माझ्या जीपच्या दिव्यांबद्दल तुम्हाला जे सांगितलं असेल, ते अर्धंच आहे. 'आईने या वयात गाडीला लखलखीत बल्ब बसवले' एवढंच त्यांना ठाऊक. उरलेलं मी सांगते, कारण ते सांगायला मला आवडतं.

कुरुंद्याच्या वाटेवरचं आपलं शेत तुम्ही पाहिलं आहे, पण हळद काढायच्या दिवसांत तुम्ही कधी आला नाहीत. तुमच्या शाळा तेव्हा सुरू असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद खणतात, वाफेवर शिजवतात आणि खळ्यावर वाळत घालतात. कंद वेचायला बायकांची टोळी येते. काम उरकेपर्यंत दिवस मावळतो आणि त्यांची वस्ती शेतापासून चांगलीच लांब. त्याच रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात. ट्रॉलीच्या मागे ना लाल दिवा, ना चकाकणारी पट्टी. बायका त्यांच्या कडेकडेने अंधारात चालायच्या. आजोबांची नजर अधू झाल्यापासून जीप मीच चालवते, तेव्हा या बायकांना घरी सोडायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं.

जीपचे दिवे मात्र म्हातारे झाले होते. रस्त्यातला खड्डा चाक आत गेल्यावरच कळायचा. एका संध्याकाळी समोरची उभी ट्रॉली मला फार उशिरा दिसली. करकचून ब्रेक दाबला, मागच्या बायका एकमेकींवर पडल्या. कुणाला लागलं नाही, पण आजोबांनी ते तुमच्या बाबांना कळवलं आणि लगेच तिकडून हुकूम आला, की आईने दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही.

आजोबांनी किल्ली खिशात टाकली.

"आणि बायका?" मी विचारलं.

"जातील पायी. आधी जातच व्हत्या की."

हे 'आधी जातच होत्या' मला फार लागलं. मी म्हटलं, "दोष दिव्यांचा आहे, माझा नाही. दिवे बदलते, मग ठरवा."

"बदल. पण रस्त्यावर कुणी बोंब मारली, तर संध्याकाळची गाडी बंद. कबूल?"

"कबूल."

वसमतला एक वायरमन आहे, त्याची बायको माझी शाळेतली जुनी विद्यार्थिनी. त्याने जास्त प्रकाशाचे पांढरे बल्ब काढून समोर ठेवले. "मॅडम, ये डालो. रात का दिन हो जाएगा." मी आधी डबीतला इंग्रजी कागद पूर्ण वाचला. तो गालात हसत होता. "मॅडम, इसका भी पेपर जाँचोगे क्या?" "जाँचूंगी," मी म्हटलं. जुन्या वायरी जळू नयेत म्हणून आमच्या होल्डरला चालतील आणि कमी वीज खातील असेच बल्ब मी घेतले. त्याने ते बसवले, प्रकाश कुठे पडतो ते पाहिलं आणि दिवे खाली झुकवून दिले. सगळं रीतसर झालं.

शेतावर पोचले तर बायकांनी जीपला गराडा घातला. टोळीची मुकादमीण माझ्याच वयाची आहे. ती म्हणाली, "बाई, पुजल्याबिगर कशी चालवता?"

"अगं, नुसते बल्ब आहेत."

"बल्ब तर बल्ब. उजेड हाय ना? मंग लक्ष्मीच."

नारळ फुटला. हळदीच्या शेतात हळदीला काय तोटा! ओल्या हळदीचा जाड लेप आणि त्यावर बोटबोट कुंकू, दोन्ही दिव्यांच्या काचांवर. मीही हात जोडले आणि निघाले.

ती फेरी मी विसरणार नाही. समोरून येणारा प्रत्येक जण डिप्पर मारत होता. एक मोटारसायकलवाला रस्ता सोडून शेतात उतरला. पुढे एका बैलगाडीचे बैल बिथरले आणि गाडीवान ओरडला, "ओ बाई! सूर्य बांधून आणला काय गाडीला? डोळे फोडता का आमचे?"

मागे बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्या शेजारी आजोबा बसले होते. घरी आल्यावर त्यांनी किल्लीसाठी तळहात पुढे केला.

"उद्यापर्यंत थांबा," मी म्हटलं. तळहात तसाच राहिला, पण किल्ली मी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडता बुडता मी जीप गोदामाच्या पांढऱ्या भिंतीसमोर लावली. दिव्यांच्या उंचीला कोळशाने आडवी रेघ मारली. बल्बच्या डबीतल्या कागदात लिहिलं होतं, उजेड या रेघेच्या खाली राहिला पाहिजे. दिवे लावले, तर उजेड भिंतभर विस्कटलेला, पार पत्र्यापर्यंत चढलेला. वायरमनचं काम चुकलेलं नव्हतं, ते मी स्वतः पाहिलं होतं. मग बिघडलं कुठे? खाली उतरले आणि काचेवरून बोट फिरवलं. हळदीकुंकवाची खडबडीत खपली! उजेड तिच्यावर आपटून दाही दिशांना फुटत होता.

मी ओलं फडकं घेतलं, तशी मुकादमीण आडवी आली. "पुजलेलं पुसू नये, बाई."

"देवीला कुंकू कुठं लावतेस?"

"कपाळाला."

"आणि हिच्या तर डोळ्यांत घातलंस."

ती वाकून दिव्यांकडे बघू लागली. मग अशी हसली, की सगळ्या टोळीला हसू फुटलं. "तरीच बया काल आंधळ्यावानी करू लागली!" तिने फडकं माझ्या हातातून ओढून घेतलं, स्वतः काचा धुतल्या आणि बोनेटच्या मधोमध नवं हळदीकुंकू लावलं. "घे माय, हे तुझं कपाळ."

पुन्हा दिवे लावले. रेघेच्या खाली उजेडाची कड सरळ उमटली, वहीतल्या समासासारखी. शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला याहून सुंदर काय दिसणार?

आजोबांचं मात्र समाधान होईना. "भिंतीला डोळे नसतात," ते म्हणाले, "मी उभा राहतो. माझ्या अधू डोळ्याला सोसलं तर साऱ्या जगाला सोसंल." काठी टेकत ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, समोरून येणारी गाडी असते तिथे जाऊन उभे राहिले. मी हळूहळू जीप पुढे घेतली. त्यांनी सवयीने डोळ्यांवर हात धरला होता. मी जवळ येत गेले, तसा तो हात खाली आला. काठीने त्यांनी मला पुढे जायची खूण केली.

नंतर तुमच्या बाबांचा फोन आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. आजोबा मोठ्याने बोलत होते, मला ऐकू जावं म्हणूनच बहुधा. "तिला काहून थांबवू? मी समोर उभा राहून बघितलंय. अन् तुला लईच काळजी असंल, तर तू ये अन् सोड बायकांना घरी."

या हंगामात एकही बाई पायी गेली नाही. मुकादमिणीचं घर वस्तीच्या शेवटी, तिथे खांब आहे पण दिवा नाही. ती उतरली की मी लगेच निघत नाही. ती अंगण ओलांडते, कडी काढते, आतून नातवंडांचा गलका येतो. ती वळून हात करते, तोवर माझे दिवे तिच्या दारावर असतात.