पुढाऱ्याचा तिसरा हात

आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीच्या गेटवर गेल्या वर्षी एक बॅनर लागला होता आणि त्यावरच्या पुढाऱ्याला तीन हात होते. दोन जोडलेले, नमस्काराचे. तिसरा माझ्या काकांच्या खांद्यावर. हसा, हरकत नाही. त्या हाताशी माझा काही संबंध नसता तर मीही पोटभर हसलो असतो.

आमचं घराणं संस्थानी फौजेतलं, म्हणजे पणजोबांपर्यंत. आता घरात शस्त्र म्हणावं असा नारळ फोडायचा एक कोयता उरलाय, आणि तोही बायको माझ्या हातात देत नाही. काका मात्र खरोखरीचे फौजी. तरुणपणी लढाईवर गेले, तिथं बिनतारी संदेश पाठवायचं काम केलं आणि परत आले. त्यांच्याबरोबर प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधला त्यांचा शाळेपासूनचा मित्र गेला होता. तो परत आला नाही. दोघांचा मिळून एकच फोटो आहे. तंबूपुढं उभे, दोघंही काटकुळे, काकांच्या हातात चहाचा मग आणि खांद्यावर मित्राचा हात.

गेल्या वर्षी सीमेवरच्या बातम्यांनी टीव्ही तापला होता. सोसायटीतही रविवारी सकाळी जवानांचा सन्मान करायचं ठरलं. आमच्या गुजराती सेक्रेटरींनी ग्रुपवर विचारलं, कुणाकडं जुना फोटो आहे का? सगळ्यांच्या आधी मी हात वर केला. काकांना विचारलं, एवढं पुण्य माझ्या नावावर जमा धरा.

"दोघांचा लावणार असतील तर दे," ते म्हणाले.

"अहो, फोटोच दोघांचा आहे."

काका एवढे खूश झाले की त्यांनी लगेच मित्राच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. त्या आता सत्तरीच्या पुढं, अजून प्रतापनगरलाच असतात. मी त्यांना आत्या म्हणतो. "अगं, रविवारी सकाळी ये. भाऊ लागतोय तुझा आमच्या गेटवर. चांगला एवढा मोठा!"

गुरुवारी सेक्रेटरींनी बॅनरचा नमुना फोनवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "जोई लेजो." मी पाहून घेतला. काय पाहिलं, तर काका नीट दिसतायत ना, आणि खाली आयोजकांच्या गोल गोल चेहऱ्यांत मी आहे ना. होतो. टक्कलही जरा झाकलं होतं. मी अंगठा पाठवून दिला.

रविवारी काका दूध आणायला खाली गेले आणि दूध न आणताच वर आले.

"तो कुठाय?"

मी खाली जाऊन पाहिलं तेव्हा प्रथमच पाहिलं. मित्र उभा होता तिथं पांढऱ्या कुर्त्यातले पुढारी उभे होते, काकांच्या दीडपट उंच. मित्राला कापला, पण त्याचा पंजा काकांच्या खांद्यावर तसाच राहिलेला, मनगटापासून तुटका. चहाच्या मगाची बंदूक झाली होती. काकांना दाट मिशी आली होती, गालांवर लाली आली होती, मागून तीन विमानं उडत होती.

माझं डोकंच फिरलं. फतेगंजपासून इथपर्यंत कुठल्याही खांबाकडं मान वर करून बघा. उत्तरायणात मागं पतंग, नवरात्रात गरबा, आता रणगाडे. पुढं जोडलेले हात तेच. लढाईसुद्धा ह्यांना मागं लावायचा पडदा म्हणून हवी! जो कधी गेला नाही तो मधोमध, जो जाऊन आला तो कडेला, आणि जो तिकडंच राहिला त्याला पुसून टाकला, कारण जागा पुरेना.

सेक्रेटरी गेटपाशी सतरंज्या अंथरून घेत होते. माझ्या मागोमाग खाली आलेल्या काकांना पाहून त्यांचा चेहरा फुलला. "काका! केटलुं सरस लागे छे!"

"माझ्याबरोबरचा माणूस कुठाय?"

"ए भाईने तो अहीं कोण ओळखे छे?"

"मी ओळखतो," काका म्हणाले. "आणि त्याची बहीण आत्ता येईल रिक्षानं. ती ओळखते. तिनं वर बघायच्या आत हे उतरवा."

सेक्रेटरी दचकले. दहा वाजता साहेब येणार होते, बॅनर उतरवला तर साहेब स्वतःला कुठं बघणार? मग त्यांना आठवलं आणि ते माझ्याकडं वळले. "तमे ज तो ओके आप्युं हतुं!" त्यांनी फोन काढून माझा अंगठा काकांना दाखवला.

काका मला बोलले असते तर बरं झालं असतं. ते फोटो आणायला वर गेले.

मी वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, सतरंज्यांच्या सुतळीसाठी आणलेली कात्री उचलली आणि वर चढलो. गुडघा करकरला. सेक्रेटरी "अरे, शुं करो छो!" म्हणत भोवती फिरत होते. मी काकांना बंदुकीसकट, विमानांतून, खांद्यावरच्या त्या हातासकट कापून काढलं. शौर्य म्हणाल तर माझं एवढंच, आणि तेही वाकडंतिकडं कापलेलं.

काका खाली आले आणि तेवढ्यात रिक्षाही आली. आत्या इस्त्रीची साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून उतरल्या. गेटवर बघितलं. मोठं भोक, शेजारी हात जोडलेले पुढारी. काकांनी खिशातून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला, मग परत वर पाहिलं.

"माझा भाऊ इथं लागणार होता ना?"

सेक्रेटरी फोनमध्ये काहीतरी शोधू लागले.

"कुणी काढला त्याला?"

काढला छपाईच्या दुकानातल्या कुणीतरी. पण नमुना पाठवून मला निदान विचारलं तरी होतं, आणि मी उत्तर दिलं होतं.

"मी, आत्या," मी म्हटलं, आणि खुर्चीवरून पाय खाली टाकला.

"मग उतरतोस कुठं? ते उरलेलं काढ आधी."

काकांनी पुढं होऊन खुर्ची धरली.